बाळाचा एक्झिमा: ओळखायचा कसा, रोज सांभाळायचा कसा

एक्झिमा, म्हणजे त्वचा कोरडी पडून खाजरे चट्टे येण्याचा त्रास, बाळांमध्ये बहुधा दुसऱ्या ते सहाव्या महिन्याच्या दरम्यान पहिल्यांदा दिसतो. नेमकं हेच वय न्हाऊमाखू घालण्याचं आणि येणाऱ्याजाणाऱ्याने गाल ओढण्याचं असतं, त्यामुळे घरातल्या प्रत्येकाकडे त्यावर एकेक औषध तयार असतं. हा लेख पहिल्यांदाच आईबाबा झालेल्यांसाठी आहे. मुख्य मुद्दा आधीच सांगून टाकतो: एक्झिमा एका ट्यूबने कायमचा जात नाही, तो आटोक्यात ठेवावा लागतो. त्यासाठी दोनच गोष्टी खऱ्या कामाच्या आहेत. रोज भरपूर मॉइश्चरायझर, आणि भडकला की डॉक्टरांनी दिलेलं मलम पुरेशा प्रमाणात. बऱ्याच घरांत गाडी अडते ती या दोन्ही बाबतींत हात आखडता घेतल्यामुळे आणि भलतंच काहीतरी चोळत बसल्यामुळे.

आधी हात फिरवून बघा

इंटरनेटवरच्या फोटोंत एक्झिमा लालभडक दिसतो, कारण ते फोटो बहुतेक गोऱ्या कातडीचे असतात. आपल्याकडच्या सावळ्या किंवा गव्हाळ बाळांत तो लाल दिसेलच असं नाही. तो आजूबाजूच्या त्वचेपेक्षा गडद तपकिरी, जांभळट किंवा राखाडी दिसतो. कधी चट्टाच दिसत नाही, केसांच्या मुळांशी बारीक बारीक पुटकुळ्या येतात आणि त्वचा काटा आल्यासारखी लागते. म्हणून खिडकीपाशी उजेडात बसा, बाळाला उघडं करा आणि बोटांची मागची बाजू त्याच्या अंगावरून फिरवा. जिथे एक्झिमा आहे तिथे त्वचा बारीक पॉलिश पेपरसारखी खरखरीत लागते आणि जरा गरमही लागते.

जागा लक्षात ठेवा, निदानाचं अर्धं काम त्यातच होतं. तान्ह्या बाळात एक्झिमा गालांवर, कपाळावर, डोक्यावर आणि हातापायांच्या बाहेरच्या बाजूंना येतो. नाकाचा शेंडा आणि लंगोटाची जागा बहुधा सुटते, कारण लंगोटाखाली ओल टिकून असते. बाळ रांगायला लागलं की गुडघे आणि मनगटं धरतात. कोपराच्या आणि गुडघ्याच्या घडीत तो जातो ते साधारण दीड-दोन वर्षांनंतर.

दुसरी खूण म्हणजे खाज. खाज नसेल तर एक्झिमा असण्याची शक्यता कमी. पण तीन महिन्यांच्या बाळाला नीट खाजवता येत नाही, त्यामुळे खाज दुसऱ्या रूपात दिसते. खांद्यावर घेतलं की ते गाल तुमच्या कपड्यावर घासतं, दुपट्यावर डोकं इकडेतिकडे करत राहतं, एका पायाने दुसरा पाय घासतं. डोक्याच्या मागचे केस घासून गेलेले असतात (ते बऱ्याच निरोगी बाळांचेही जातात, तेवढ्यावरून काही ठरवू नका). रात्री दर तासाला उठतं आणि आपण समजतो की भूक लागली किंवा पोटात गॅस झाला.

तिसरी खूण म्हणजे येणं-जाणं. एक्झिमा चार दिवस बरा असतो, मग पुन्हा उसळतो. आई, बाबा किंवा भावंडांपैकी कुणाला दमा, सतत शिंका येणारी सर्दी किंवा लहानपणी असाच त्रास असेल, तर शक्यता आणखी वाढते. निदानासाठी रक्ततपासणी लागत नाही. डॉक्टर त्वचा बघून आणि चार प्रश्न विचारून ठरवतात.

जे एक्झिमासारखं दिसतं पण तो नसतं

पहिल्या काही आठवड्यांत टाळूवर आणि भुवयांत पिवळट, तेलकट खपल्या येतात. बाळाला त्याचं काही वाटत नाही, मजेत असतं. ते वेगळं आहे आणि बहुधा काही महिन्यांत आपोआप जातं. खोबरेल तेलाने खपल्या मऊ करून मऊ ब्रशने सोडवायच्या, नखाने उपटायच्या नाहीत.

घामोळ्या मानेच्या वळ्यांत, पाठीवर, टोपऱ्याखाली येतात आणि कपडे कमी केले की एक-दोन दिवसांत ओसरतात. पुण्यात एप्रिल-मे महिन्यांत यांची आणि एक्झिमाची गल्लत फार होते. फक्त लंगोटाच्या भागात पुरळ असेल तर ती ओलीची किंवा बुरशीची समजा. कड उठलेला आणि मध्ये साफ असलेला गोल चट्टा असेल तर तो नायटा असू शकतो.

सगळ्यात महत्त्वाची गल्लत खरजेशी होते. तळहात, तळपाय, बोटांच्या बेचक्यांत पुरळ, रात्री वाढणारी खाज, आणि मुख्य म्हणजे घरात आणखी कुणालातरी खाज सुटली असेल (आईला, आजीला, सांभाळणाऱ्या बाईंना), तर खरूज आहे का ते आधी तपासून घ्या. खरूज संसर्गजन्य असते, तिचं औषध वेगळं असतं आणि ते घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी घ्यावं लागतं. एक्झिमा मात्र एकाचा दुसऱ्याला होत नाही. अशा बाळाला उचलून घ्यायला, त्याच्या शेजारी झोपायला, बारशाला नेऊन सगळ्यांच्या मांडीवर द्यायला काहीच हरकत नाही.

होतो कशाने

थोडक्यात: या बाळांच्या त्वचेचा वरचा थर जन्मतःच थोडा विरळ असतो. आतलं पाणी बाहेर उडून जातं, बाहेरचा साबण, धूळ, घाम आत शिरतो, आणि त्यावर शरीराची प्रतिकारयंत्रणा गरजेपेक्षा जास्त चिडते. यात आईच्या डोहाळ्यांचा, तिने खाल्लेल्या वांग्याचा किंवा 'अंगातल्या उष्णते'चा दोष नाही. मॉइश्चरायझर जन्मापासून लावलं असतं तर झालाच नसता, असंही नाही. ब्रिटनमध्ये हेच तपासणारा मोठा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. वर्षभर रोज लावूनही एक्झिमा टळला नाही. त्यामुळे मागचं उगाळत बसू नका. झाल्यावर मात्र मॉइश्चरायझरचा फायदा नक्की होतो.

पायरी पहिली: आंघोळ

आपल्याकडे तान्ह्या बाळाची आंघोळ हा एक सोहळाच असतो. न्हाऊ घालणाऱ्या बाई पाय पसरून बसतात, बाळ नडग्यांवर पालथं, तेलाचं खसखसून मालिश, मग डाळीचं पीठ आणि दुधाची साय चोळायची, तांब्यामागून तांब्या कढत पाणी, शेवटी शेगडीवर ओवा-बाळंतशेपांची धुरी आणि काखेत वेखंड. निरोगी त्वचा यातलं बरंच काही सोसते. एक्झिमाची त्वचा सोसत नाही. बाईंना काढून टाकायची गरज नाही, त्यांचा हात बहुतेक आईबापांपेक्षा सराईत असतो. फक्त पद्धत बदलायची, आणि ती त्यांना घरातल्या मोठ्या माणसाने सांगितली तर जास्त पटते.

पाणी कोमट, म्हणजे सदतीस अंशांच्या आसपास. रोज कढत पाण्यात जाणारा हात चुकीचा अंदाज देतो, म्हणून पाणी कोपराने बघा. कोपराला ना गार लागलं पाहिजे ना गरम. आंघोळ दिवसातून एकदा, पाच ते दहा मिनिटं. रोज आंघोळ घातल्याने त्वचा कोरडी पडते हे अर्धसत्य आहे. आंघोळीनंतर काही लावलं नाही तर कोरडी पडते, लगेच लावलं तर उलट फायदा होतो.

साबण बंद. 'बेबी' लिहिलेला, ग्लिसरीनचा, कडुनिंबाचा, सगळेच. त्याऐवजी साबणविरहित, सुगंध नसलेला, पीएच साधारण ५.५ असलेला क्लेन्झर घ्या आणि तोही मान, काखा, जांघा, लंगोटाची जागा एवढ्यापुरता. बाकी अंग नुसत्या पाण्याने स्वच्छ होतं. आंघोळीच्या पाण्यात जंतुनाशकाचं टोपण ओतायची सवय बऱ्याच घरांत आहे, ती सोडा. त्याने त्वचा आणखी पोळते.

डाळीचं पीठ का नको? एक तर ते घासलं जातं आणि आधीच विरळ असलेला थर ओरबाडतं. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. फुटलेल्या त्वचेतून अन्नातली प्रथिनं शिरली की शरीर त्यांना शत्रू समजायला शिकू शकतं आणि पुढे तेच अन्न खाल्ल्यावर ॲलर्जी उसळू शकते. साय, दूध, बदामाची पेस्ट, शेंगदाण्याचं किंवा तिळाचं तेल या सगळ्यांना हाच नियम. हे पदार्थ बाळाने वेळ आली की खायचे आहेत, अंगाला लावायचे नाहीत.

तेलाबद्दल भांडण नको म्हणून स्पष्ट सांगतो. शुद्ध खोबरेल तेल चालतं, सूर्यफुलाचंही चालतं. मोहरीचं नको, आणि महाग असलं तरी ऑलिव्ह तेलही नको, कारण त्यातल्या ओलेइक आम्लामुळे त्वचेचा थर आणखी विस्कळीत होतो. मालिश हलक्या हाताने, ओलसर किंवा लाल झालेल्या जागा सोडून. तेल लावलं म्हणून मॉइश्चरायझर टळत नाही. ते आंघोळीनंतर लागतंच.

धुरी पूर्ण बंद. ती त्वचा सुकवते आणि बाळाच्या फुप्फुसालाही वाईट. वेखंड आणि टाल्कम पावडर दोन्ही बंद. पावडर श्वासात जाते ते वेगळंच.

आंघोळ झाली की जुन्या सुती धोतराच्या किंवा मऊ पंचाच्या तुकड्याने टिपून घ्या, पुसू नका. मानेच्या आणि काखेच्या वळ्या उघडून टिपा. बाकी अंग किंचित ओलसरच राहू द्या.

पायरी दुसरी: मॉइश्चरायझर, आणि किती

टिपल्यापासून तीन मिनिटांच्या आत लावायचं. त्यासाठी डबा आंघोळीच्या आधीच उघडून हाताशी ठेवा, नाहीतर बाळाला दुपट्यात गुंडाळून डबा शोधण्यातच वेळ जातो.

कुठलं घ्यायचं? लोशन पातळ असतं, पाणी जास्त, चटकन जिरतं आणि चटकन संपतं. क्रीम मधलं. ऑइंटमेंट आणि पेट्रोलियम जेली सर्वांत चिकट आणि सर्वांत परिणामकारक. डिसेंबर-जानेवारीत पुण्यातली हवा कोरडी असते आणि पहाटे चांगलाच गारठा असतो, तेव्हा जाड क्रीम किंवा ऑइंटमेंट वापरा. एप्रिल-मे आणि पावसाळ्यात तेच अंगाला चिकटून घामोळ्या आणतं, तेव्हा दिवसा क्रीम आणि फक्त रात्री खरखरीत जागांवर ऑइंटमेंट. लेबलवर सेरामाइड, ग्लिसरीन, लिक्विड पॅराफिन यांपैकी काही असेल तर ठीक. सुगंध, गुलाब, केशर, चंदन, 'हर्बल अर्क' असं काही असेल तर परत ठेवा. महाग म्हणजे चांगलं असं इथे अजिबात नाही. सगळ्यात स्वस्त पांढरी, बिनवासाची पेट्रोलियम जेली भरपूर लावणं हे उंची क्रीम पुरवून पुरवून लावण्यापेक्षा कितीतरी बरं.

नवीन काही आणलं तर आधी दंडावर रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत दोन दिवस लावून बघा.

प्रमाण हा खरा घोळ आहे. बाळाच्या पूर्ण अंगाला एका वेळी सहा-सात ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा शिगोशीग, सहज लागतं. दिवसातून तीन वेळा धरलं तर आठवड्याला सव्वाशे ग्रॅमच्या आसपास जातं. १०० ग्रॅमची ट्यूब तुम्हाला महिनाभर पुरत असेल तर तुम्ही फार कमी लावताय. मोठा डबा किंवा पंपाची बाटली घ्या. डबा असेल तर बोटं घालू नका, स्वच्छ कोरड्या चमच्याने तळहातावर काढा. दिवसातून दहा वेळा बोटं घातली की डब्यात जंतू वाढतात आणि तेच पुन्हा फुटलेल्या त्वचेवर जातात.

लावताना खालच्या दिशेने, केस ज्या बाजूला झुकलेत त्या बाजूला, हात ओढत न्या. गोल गोल चोळलं की केसांची मुळं बुजतात आणि पुटकुळ्या येतात. लावल्यावर त्वचा चकाकली पाहिजे, कोरडी दिसली तर अजून एक थर. त्वचा बरी दिसत असली तरी रोज लावायचं, कारण बऱ्या दिवसांत लावलेलंच पुढचा उसळा लांबवतं.

एक धोका मुद्दाम सांगायला हवा. पॅराफिन कपड्यांत मुरलं की तो कपडा पटकन पेट घेतो, आणि एका धुण्यात ते पूर्ण निघतही नाही. औक्षण करताना, निरांजनाजवळ, उदबत्तीपाशी, गॅसपुढे बाळाला घेऊन उभं राहताना आणि दिवाळीत पणत्यांच्या आसपास हे ध्यानात ठेवा.

पायरी तिसरी: भडकला की मलम

मॉइश्चरायझर नीट लावूनही चट्टे लाल किंवा गडद, जाड, खाजरे होत असतील, तर आतली जळजळ विझवायला औषध लागतं. ते बहुधा सौम्य स्टेरॉइडचं मलम असतं, उदाहरणार्थ एक टक्का हायड्रोकॉर्टिसोन. स्टेरॉइड म्हटलं की घरात धस्स होतं. भीती अगदीच निराधार नाही, पण ती चुकीच्या ट्यूबबद्दल असते.

धोका आहे तो केमिस्टकडून चिठ्ठीशिवाय आणलेल्या मिश्र क्रीमचा. त्यात क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोनसारखं कडक स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि प्रतिजैविक असं तिन्ही एकत्र असतं. लावलं की दोन दिवसांत गाल लख्ख होतात, म्हणून ते शेजारीपाजारी सुचवलं जातं. महिना-दोन महिने लावलं की गालाची त्वचा पातळ होते, बारीक शिरा दिसायला लागतात, आणि बंद केल्याबरोबर दुप्पट जोराने उसळतं. ट्यूबवर किंवा खोक्यावर उभी लाल रेघ असेल तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच घ्यायचं असतं. घटकांची यादी वाचा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन यांपैकी एखादं नाव दिसलं आणि ते बाळाच्या डॉक्टरांनी बाळाला तपासून लिहिलेलं नसेल, तर ते बाळाला लावायचं नाही. लेबल नसलेल्या पुड्या आणि डब्यांतल्या 'जडीबुटी'च्या मलमाचंही तेच. त्यात काय मिसळलंय ते कुणालाच माहीत नसतं, आणि जादूसारखा गुण आला तर त्यात स्टेरॉइड असण्याचाच संशय आधी घ्यावा.

डॉक्टरांनी सौम्य मलम दिलं असेल तर उलट अडचण होते. लोक ते मुगाएवढं घेऊन चट्ट्यावर पुसटसं फिरवतात, दोन दिवसांत बंद करतात, आणि आठवड्याने म्हणतात की गुण नाही. प्रमाण मोजायची सोपी रीत अशी: मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून एक रेघ काढा. ती साधारण अर्धा ग्रॅम भरते आणि मोठ्या माणसाच्या बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. तीन ते सहा महिन्यांच्या बाळाला चेहरा आणि मानेला एक पेर, एका पूर्ण हाताला एक, एका पूर्ण पायाला दीड, छाती-पोटाला एक, पाठ आणि कुल्ल्यांना दीड. हे पूर्ण भाग भरलेला असेल तरचं माप आहे. चट्टे थोडेच असतील तर त्या हिशोबाने कमी.

दिवसातून एकदा की दोनदा हे डॉक्टर सांगतील तसं. मलम फक्त चट्ट्यांवर, मॉइश्चरायझर सगळ्या अंगाला. दोन्हींमध्ये साधारण अर्ध्या तासाचं अंतर ठेवा, नाहीतर एक दुसऱ्याला पातळ करतं. आणि थांबायचं कधी, तर त्वचा दिसायला बरी झाली तेव्हा नाही, हाताला गुळगुळीत लागली की त्यानंतर दोन दिवस, किंवा डॉक्टरांनी दिलेल्या मुदतीपर्यंत. लंगोटाच्या भागात विचारल्याशिवाय लावू नका. तिथे झाकलेलं असल्यामुळे औषध कितीतरी जास्त शोषलं जातं.

बरं झाल्यावर त्या जागी फिकट किंवा काळसर डाग राहतात. सावळ्या त्वचेत हे हमखास होतं. तो मलमाचा दोष नसतो, कोडही नसतं. काही आठवडे-महिन्यांत रंग परत येतो.

'वरून दाबला तर आत जातो आणि दमा होतो' असंही ऐकायला मिळेल. एक्झिमा असलेल्या काही मुलांना पुढे दमा होतो हे खरं, कारण दोन्हींचा कल एकाच घराण्यातून येतो. मलमाने तो आत ढकलला जात नाही.

खाजेसाठी झोप आणणारं सर्दीचं सिरप देण्याचा मोह टाळा. एक्झिमाची खाज त्याने फारशी कमी होत नाही आणि तान्ह्या बाळाला गुंगी धोक्याची.

कपडे, पाणी, हवा

बाळ खाजवतं ते बऱ्याचदा गरम होतं म्हणून. आपल्याकडे बाळाला झबलं, त्यावर स्वेटर, टोपरं, पायमोजे आणि वरून गोधडी घालण्याची हौस दांडगी, तीही पंखा बंद करून. तुम्ही घातलेत तेवढेच कपडे, थंडीत फार तर एक थर जास्त. मानेमागे हात घालून बघा, ओलसर लागली तर एक थर काढा. आजीने विणलेला लोकरी स्वेटर घालायचाय ना, आत पूर्ण बाह्यांचं सुती झबलं घाला, लोकर थेट अंगाला लागू देऊ नका. बारशाचा जरीचा अंगरखा फोटोपुरता. तुळशीबागेतून किंवा लक्ष्मी रोडवरून मलमलीची झबली घेताना ती उलटी करून शिवण हाताला टोचते का बघा, गळ्यामागचं लेबल कापून टाका आणि नवे कपडे एकदा धुऊनच घाला. करगोटा आणि वाळ्यांखाली घाम साचून तिथेच चट्टा येतो. चट्टे आहेत तोवर ते काढून ठेवायला आजीला राजी करा.

कपड्यांना कमी पावडर, दोनदा खळबळून, सुगंधी कंडिशनर नाही. पावसाळ्यात चार दिवस घरात वाळत घातलेलं दमट लंगोट वापरण्याआधी इस्त्री फिरवा.

नखं दर तीन-चार दिवसांनी कापून कडा घासा. हातमोजे फक्त झोपेत.

पाण्याचा प्रश्न पुण्यात नेहमी निघतो. खडकवासल्याचं पाणी तसं मऊ, पण उपनगरांतल्या बऱ्याच सोसायट्यांत टँकरचं किंवा बोअरचं येतं आणि ते जड असतं. बादलीला पांढरा थर बसतो, साबणाचा फेस होत नाही. जड पाण्यात साबण त्वचेवर चिकटून राहतो, म्हणून तिथे साबण सोडणं दुप्पट गरजेचं. पण त्यासाठी घरभर पाणी मऊ करणारं यंत्र बसवायच्या खर्चात पडू नका. ब्रिटनमध्ये एक्झिमा असलेल्या मुलांवर ते तपासून झालंय, फायदा दिसला नाही.

बांधकामाची धूळ, दिवाळीतला फटाक्यांचा धूर, डासांची उदबत्ती यांनी त्वचा चिडते. गाजरगवताचाही विषय निघतो, कारण देशात ते पहिल्यांदा नोंदलं गेलं ते १९५५ च्या सुमारास पुण्यातच. मोठ्यांना त्याने चेहऱ्या-हातांवर जबर एक्झिमा होतो. तान्ह्या बाळाच्या गालावरच्या चट्ट्यांचं ते सहसा कारण नसतं, तरी बाबागाडी अशा तणातून नेऊ नये हे बरं.

खाण्यापिण्याचं

अंगावर पिणाऱ्या बाळाच्या आईचं जेवण तोडू नका. दूध, अंडी, डाळी, शेंगदाणे बंद करून आई खंगते आणि बाळाचे गाल तसेच राहतात. बहुतेक बाळांत एक्झिमाचं कारण अन्न नसतं. मात्र तीन-चार महिन्यांच्या आतच खूप तीव्र एक्झिमा असेल, नीट उपचारांनी हटत नसेल, आणि सोबत उलट्या, शौचात रक्त किंवा वजन न वाढणं असेल, तर डॉक्टर अन्नाच्या ॲलर्जीचा विचार करतात. खाल्ल्यापासून दोन तासांच्या आत अंगावर गांध्या उठणं, ओठ-डोळे सुजणं ही त्याची ठळक चिन्हं. रक्ताच्या 'ॲलर्जी पॅनेल'वर पन्नास पदार्थांची यादी छापून येते, तिच्या भरवशावर काही बंद करू नका. तपासणीत दिसणं आणि खरोखर बाधणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

सहा महिन्यांनी वरचं अन्न सुरू करताना अंडं आणि शेंगदाणा पुढे ढकलायची जुनी सवय उलटी ठरली आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तीव्र एक्झिमा किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या बाळांना पहिल्या वर्षातच शेंगदाणा सुरू केल्यावर पुढे शेंगदाण्याची ॲलर्जी खूपच कमी दिसली. एक्झिमा तीव्र असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. सौम्य असेल तर सकाळच्या वेळी, बाळ बरं असताना, अगदी गुळगुळीत वाटलेलं कूट पेजेत चिमूटभर मिसळून सुरुवात करा आणि दोन तास लक्ष ठेवा. अख्खा किंवा अर्धवट फुटलेला दाणा कधीही नाही, घशात अडकतो. भरवण्याआधी तोंडाभोवती पेट्रोलियम जेलीचा थर लावा, म्हणजे लाळ आणि खाणं त्वचेला झोंबत नाही. दात येताना गळणाऱ्या लाळेलाही हाच उपाय.

थांबायचं नाही असे प्रसंग

चट्ट्यांतून पाणी किंवा पू येतोय, मधासारखी पिवळी खपली धरतेय, चट्टा एकाएकी पसरतोय, तर जंतुसंसर्ग झालाय. त्याच दिवशी डॉक्टर.

एकाच आकाराचे बारीक पाण्याचे फोड झुबक्याने आलेत, ते फुटून गोल खड्डे पडतायत, बाळ तापलंय आणि किरकिरं झालंय, तर रात्र असली तरी रुग्णालयात न्या. हा नागिणीच्या जातीच्या विषाणूचा संसर्ग एक्झिमाच्या त्वचेत वेगाने पसरतो आणि डोळ्याजवळ असेल तर नजरेला धोका असतो. तो बहुधा ओठावर तापानंतरचे फोड आलेल्या मोठ्या माणसाच्या पापीतून येतो. ज्याला फोड आहे त्याने, सख्खी आत्या असली तरी, बाळाची पापी घ्यायची नाही.

खाल्ल्यावर गांध्यांसोबत श्वास घरघरतोय, बाळ निपचित पडतंय, तर १०८ लावा.

घाई नसलेल्या भेटीसाठी आधी नेहमीचे बालरोगतज्ज्ञ पुरेसे. दोन आठवडे नीट करूनही फरक नसेल, चेहरा सतत भडकत असेल, किंवा झोप उडाली असेल तर त्वचारोगतज्ज्ञ. खासगी परवडत नसेल तर पुण्यात ससून आणि पिंपरीत वायसीएम या सार्वजनिक रुग्णालयांत बाह्यरुग्ण विभाग आहेत, सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा. जाताना आजवर लावलेली प्रत्येक ट्यूब आणि डबा पिशवीत घालून न्या, 'पांढरी ट्यूब' म्हणून डॉक्टरांना काही कळत नाही. चट्टे उसळलेल्या दिवशीचे उजेडातले फोटो काढून ठेवा, कारण नेमकं तपासणीच्या दिवशी गाल साफ असतात. लसी ठरल्या तारखेला द्यायच्या, फक्त सुई चट्टा नसलेल्या जागी टोचायला सांगा.

सुट्टी संपताना

सव्वीस आठवड्यांची बाळंतपणाची रजा संपते आणि बाळ आजीकडे किंवा पाळणाघरात जायला लागतं, तिथे आतापर्यंत बसवलेली घडी मोडते. तोंडी सांगून भागत नाही. मोठ्या अक्षरांत मराठीत एक कागद लिहा: आंघोळ घातली तर साबण नाही, कुठलं क्रीम किती वाजता आणि किती चमचे, मलमाची ट्यूब घरीच राहील आणि ती फक्त आई किंवा बाबा लावतील, पावडर नाही, कुणी दिलेलं दुसरं काही लावायचं नाही, फोड किंवा पिवळी खपली दिसली तर लगेच फोन. क्रीमचा वेगळा डबा, वेगळा चमचा आणि दोन जास्तीची सुती झबली तिथे ठेवा. दर शनिवारी डबा किती रिकामा झालाय ते बघा. फारसा हललेला नसेल तर क्रीम लागत नाहीये, आणि पुढच्या आठवड्यात गाल ते सांगतीलच.